सभा केव्हा हाय?

उमरेड रोडनं किंवा भंडारा रोडनं नागपूर शहराबाहेर निघालं की दोन्ही बाजूंना प्लॉटचे फलक सुरू होतात. बगिचा, झोपाळा, हसरं कुटुंब, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात मौजा, प.ह.नं., ख.नं. मी बसच्या खिडकीतून ते बारीक अक्षरच वाचत जाते. मौजा म्हणजे महसुली गाव, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, ख.नं. म्हणजे खसरा नंबर. पुण्याकडची माणसं तलाठी, साझा, गट नंबर म्हणतात. आपल्याकडे पटवारी आणि खसरा राहिले, कारण 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि जमिनीचे कागद तिकडच्या पद्धतीनं लिहिले जात. राज्य बदललं, पदांची नावं बदलली, पण मातीला लागलेले शब्द सुटले नाहीत.

त्यातला एक फलक आमच्या मौजाचा आहे. त्यावर तलावाचा फोटो आहे आणि फोटोखाली लिहिलंय, 'लेक व्ह्यू प्लॉट'. फोटोत तलाव काठोकाठ भरलेला आहे. आमचा तलाव काठोकाठ भरलेला मी शेवटचा पाहिला त्याला आता बरीच वर्षं झाली, कारण त्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, भगदाड पडलंय. हा लेख त्या भगदाडाबद्दल आहे आणि माझ्या काकूबद्दल आहे.

मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. आपल्याकडे हे दोन विषय एकाच शिक्षकाकडे येतात. सुरुवातीला मला ती तासांची जुळवाजुळव वाटायची. आता वाटतं की हे दोन विषय वेगळे शिकवताच येत नाहीत. कोणाच्या हद्दीत काय येतं हे ठरवल्याशिवाय कोणी काय करायचं हे ठरत नाही, आणि हद्द ओढणाऱ्यानं उतार पाहिला नसेल तर त्याचा त्रास पिढ्यान् पिढ्या पुरतो.

आपला जिल्हाच पाहा. जवळपास 9,900 चौरस किलोमीटर, शहर धरून 14 तालुके. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर. तिथं काळा बसाल्ट, काळी माती, विहिरी आणि संत्र्याच्या बागा. दख्खनच्या लाव्हाचं पठार साधारण नागपूरपर्यंत येऊन संपतं. शहराच्या पूर्वेला कुही, मौदा, रामटेककडे गेलात की खाली जुना कठीण खडक लागतो. तो पाणी मुरू देत नाही, साठवूनही ठेवत नाही. पाऊस भरपूर, पण पडला की वाहून जातो. म्हणून तिथल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी उतारावर मातीच्या पाळी घातल्या आणि पाणी अडवलं. तलाव आले, तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आली, आणि बांध्यांच्या कडेनं गाव वसलं. आमच्याकडे गाव आधी आणि तलाव नंतर असं झालेलं नाही. तलावाच्या जिवावर गाव उभं राहिलं.

या तलावांना मामा तलाव म्हणतात. माजी मालगुजारी तलाव, त्याचं झालं मामा. मालगुजार म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा गावाचा जमीनदार. त्याच्या काळात तलावांची देखभाल त्याच्याकडे होती, आणि गावाकडून दरवर्षी पाळीवर माती टाकून घेतली जाई. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, यात मला काडीचीही शंका नाही. आमचं घराणं कुळांचं होतं, आजोबांनी वेठ भोगलेली होती. पण तलाव ज्या दिवशी सरकारचे झाले, त्या दिवशी पाळीवर माती टाकायला माणसांना हाक मारणारं कोणी उरलं नाही. पुढे 100 हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. आमचा तलाव लहान, म्हणून जिल्हा परिषदेचा.

विदर्भात जुने दोन कागद अजून सापडतात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावानं सरकारी जमिनीवर गुरं कुठं चारायची, जळण कुठून आणायचं हे निस्तारपत्रकात. वाट कुठून, पाणी कोणाला, मासे कोणाचे, हे रूढीनं चालत आलेले हक्क वाजिब-उल-अर्जात. 1966 च्या जमीन महसूल कायद्यातही हे दोन्ही टिकवले आहेत. मी आमच्या गावाची नक्कल काढली. कागद जुना, शाई फिकी, पण वाचता येतं. त्यात लिहिलेलं जवळजवळ सगळं काकूला न वाचता माहीत होतं. आखरावरून, म्हणजे गुरं गोळा करायच्या जागेवरून, ती कुठल्या पांदणीनं तलावावर जायची, शिंगाडा कोण लावायचा, ऑक्टोबरात धान लोंबीवर आलं की आधी कोणाच्या बांधीला पाणी आणि मग कोणाच्या. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. म्हणाली, "हे चुकीचं लिवलं हाय. खालच्या टोलीले आधी पानी भेटे." मी पुन्हा पाहिलं. चूक वाचण्यात माझीच झाली होती, कागदात नव्हती.

काकू चौथी शिकलेली. काका लवकर गेले. दीड एकर धान, दोन म्हशी, दोन मुलं. भगदाड पडलं त्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस होता. रात्री पाळ फुटली आणि सकाळपर्यंत अर्धा तलाव नाल्यातून निघून गेला. पोत्यांमध्ये माती भरून तात्पुरता बांध घातला. त्यामुळे तलाव आजही भरतो, पण छातीभर भरायचा तो कमरेपर्यंतच भरतो. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाला ते पाणी पुरतं. भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाला ऑक्टोबरात जे शेवटचं पाणी लागतं, ते मिळत नाही. लोंबी येते, दाणा भरत नाही. काकूनं एकदा मला तसली लोंबी हातात चोळून दाखवली होती. तळहातावर कोंडा उरला, तिनं फुंकर मारली, काहीच राहिलं नाही.

त्या वर्षीच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती पहिल्यांदा उभी राहिली.

ग्रामसभेबद्दल शाळेत मी जे शिकवते ते असं: गावातल्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही. वर्षातून किमान चार सभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा लोकांना पाठ असतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जी संख्या कमी असेल ती. त्याआधी महिलांची वेगळी सभा. ग्रामपंचायतीचा हिशेब, घरकुलाची यादी, पुढच्या वर्षीचा आराखडा, सगळं त्या सभेपुढे ठेवावं लागतं. ही सगळी वाक्यं मुलं परीक्षेत अचूक लिहितात. पण ग्रामसभा म्हणजे काय हे मला कळलं ते काकूमुळे.

ती उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बस ना व वयनी." ती बसली नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, पाळ केव्हा होईन? सरपंचांनी सांगितलं, तलाव जिल्हा परिषदेचा आहे, आपण ठराव पाठवू. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं. काकूनं ते वाचून दाखवायला लावलं. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन पाठपुरावा करण्याचे सर्वानुमते ठरले.' काकू म्हणाली, "यात मी कोठी हाय?" ग्रामसेवक भला माणूस होता. त्यानं खाली लिहिलं, सूचक, आणि तिचं नाव. अनुमोदक म्हणून शेजारच्या बाईचं. काकूनं सही केली. सही करताना ती पूर्ण नाव लिहिते, आडनावासकट, अक्षर न् अक्षर सुटं.

पुढे सलग तीन वर्षं ती प्रत्येक सभेला गेली आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला. लोक कंटाळले, मग सवयीचे झाले, आणि तिसऱ्या वर्षी तिच्या आधी दुसरीच बाई उठून म्हणाली, "पाळीचं काय झालं?" त्या दिवशी काकू घरी आली ती वेगळीच होती. पाळ झालेली नव्हती. एक मोजणी तेवढी झाली होती, जिल्हा परिषदेचे इंजिनिअर टेप घेऊन येऊन गेले होते. पण प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता.

थोडं मागचं सांगते, कारण हा अधिकार आपल्या हाती कसा आला हे आपणच विसरून जातो. याच नागपुरात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असताना, 1948 मध्ये जनपद सभांचा कायदा झाला. द्वारकाप्रसाद मिश्र तेव्हा मंत्री होते, ती योजना त्यांची. तहसील हे एकक धरून कारभार खाली नेण्याचा तो मोठा प्रयोग होता. विदर्भात तो चालला तो जिल्हा परिषदा येईपर्यंत. ग्रामपंचायतींचा आजचा कायदा 1958 चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. नाईक विदर्भातलेच, पुसदचे. मग 73 वी घटनादुरुस्ती, जिनं ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा बायकांना. एवढा सगळा प्रवास होऊन एक चौथी शिकलेली बाई प्रोसिडिंगमध्ये स्वतःचं नाव लिहून घेऊ शकली. मी याला लहान गोष्ट म्हणणार नाही.

दरम्यान शहर आमच्याकडे सरकत होतं. 2011 च्या जनगणनेतच जिल्ह्यातली दोनतृतीयांशांहून जास्त माणसं शहरी होती. महानगर क्षेत्र जाहीर झालं, त्यात शहराभोवतीची 719 गावं आली. त्या गावांमध्ये घर बांधायची परवानगी, लेआउट, रस्त्यांचा आराखडा या गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातून महानगर प्राधिकरणाकडे गेल्या. गावात प्लॉट पडले, बाहेरची माणसं राहायला आली, मतदार वाढले. मग एक दिवस अधिसूचना निघाली, हरकती मागवल्या गेल्या, आणि आमची ग्रामपंचायत नगरपंचायत झाली. 2014 नंतर कुही, भिवापूर, हिंगणा, पारशिवनी या तालुक्याच्या गावांना नगरपंचायती मिळाल्या होत्याच. शहरालगतची गावं पुढे त्याच वाटेनं गेली.

कायद्यानं नगरपंचायत म्हणजे संक्रमणातलं क्षेत्र. गावाचं शहर होत असतानाची मधली अवस्था. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं ही सोय केली. लोकसंख्या साधारण 10,000 ते 25,000, आणि शेतीबाहेर पोट भरणाऱ्यांचं प्रमाण पुरेसं. 17 प्रभाग, 17 नगरसेवक, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी.

गावातल्या तरुणांना नगरपंचायत हवी होती आणि त्यांचं चूक नव्हतं. नव्या लेआउटमध्ये नाल्या नव्हत्या, दिवे नव्हते, पावसाळ्यात गाडी फसायची. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून ते होणार नव्हतं. नगरपंचायत आल्यावर रस्ते झाले, घंटागाडी सुरू झाली, खांबांवर दिवे लागले. काकूच्या दारासमोर सिमेंटचा रस्ता झाला आणि तिचे पावसाळ्यातले हाल थांबले, हे तीही मान्य करते. घरपट्टी वाढली, पण तीही तिनं भरली. रोजगार हमीचं जॉब कार्ड मात्र पेटीत गेलं, कारण ती योजना ग्रामीण भागापुरती. उन्हाळ्यात ज्या मातीकामावर ती आणि तिच्या मैत्रिणी जायच्या ते बंद झालं. तसं पाहिलं तर पाळ दुरुस्त करायची ती नेमकी तीच माणसं होती.

मग 15 ऑगस्ट आला. मी त्या दिवशी गावातच होते. काकू सकाळी सात वाजता धुतलेलं लुगडं नेसून तयार, हातात पिशवी, पिशवीत चष्मा. झेंडावंदन झालं, भाषण झालं, पोरांना बुंदी वाटली. माणसं पांगू लागली. काकू तशीच उभी. तिच्यासोबत आणखी सात-आठ बायका उभ्या. तिनं टेबल आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारलं,

"सभा केव्हा हाय?"

"कायची सभा, काकू?"

"ग्रामसभा."

तो गावातलाच पोरगा. त्यानं समजुतीनं सांगितलं, "आता ग्रामसभा नाई रायत काकू. आता नगरपंचायत झाली ना. आता नगरसेवकाची मिटिंग रायते."

"मंग आमी कवा बोलाचं?"

त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नाही, आणि मी हा विषय शिकवते. घरी येताना ती रस्ताभर काही बोलली नाही. दाराशी आल्यावर म्हणाली, "मले वाटलं होतं का मोठं झालं म्हंजे सभाबी मोठी होईन."

नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, मत देतात. मतदार आपल्या नगरसेवकाला भेटू शकतो, अर्ज देऊ शकतो. हे सगळं योग्यच आहे, शहरं अशीच चालतात. पण तलावाचं पाणी प्रभागानुसार वाहत नाही. आमचा तलाव एका प्रभागात आहे, पाळ दुसऱ्यात, आणि धानाच्या बांध्या तिसऱ्या प्रभागात. ज्या प्रभागात पाळ आहे तिथं सगळे नवे प्लॉट आहेत, तिथल्या कुणाच्याच घरात धान पिकत नाही. तिथल्या नगरसेवकानं नालीचं काम आधी घेतलं तर त्याला दोष कसा द्यायचा? ग्रामसभेत हे तिन्ही तुकडे एका सतरंजीवर बसायचे.

त्यानंतर मी सुट्ट्यांमध्ये कार्यालयं फिरले. तलाव कोणाचा हा प्रश्न घेऊन. एका ठिकाणी सांगितलं, गाव आता नागरी क्षेत्रात गेलं, आमच्याकडे तलाव राहिला की नाही ते फाइल पाहून सांगू. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, तलाव आमच्याकडे हस्तांतरित झालेला नाही. तिसऱ्या ठिकाणी एक मोठा रंगीत नकाशा भिंतीवर होता. त्यात आमचा तलाव निळा होता, त्याच्याभोवती हिरवा पट्टा होता, आणि बांध्यांच्या जागेवर पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे निवासी. मी त्या पिवळ्यावर बोट ठेवून विचारलं, इथं आज धान उभं आहे, त्याला पाणी कुठून येणार? समोरचे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, "मॅडम, हा आराखडा पुढच्या वीस वर्षांचा आहे." काकू सत्तरीला आली आहे. तिला या ऑक्टोबरातलं पाणी हवं आहे.

हे आमच्या एका गावाचं दुखणं आहे असं मला वाटत नाही. नाग नदी पाहा. ती शहराच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडे उगम पावते, शहराच्या मधून जाते, शहराचं सांडपाणी पोटात घेते आणि पूर्वेला कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, पाच नद्यांच्या त्या संगमावर. आणि खाली गोसेखुर्दचं धरण, जे पाणी तिथंच थोपवून धरतं. घाण करणारं शहर महानगरपालिकेला मतं देतं, घाण सोसणारी कुही तालुक्यातली गावं आपापल्या ग्रामपंचायतीला. तिथल्या बाईनं ग्रामसभेत उठून कितीही वेळा विचारलं तरी तिचा आवाज नदीच्या उलट दिशेनं शहरापर्यंत चढत नाही. मी मुलांना फळ्यावर नदी काढून दाखवते आणि मग तिच्यावर हद्दी काढते. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, नदीची ग्रामसभा नसते का?" मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला आहे.

यंदा मे महिन्यात गावी गेले तर काकूच्या अंगणात बायका बसलेल्या. मला वाटलं भिसी असेल. भिसीच होती, पण ती झाल्यावर कुणी उठेना. काकूनं आतून दोनशे पानी वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "तू लिव. तुयं अक्षर चांगलं हाय."

"काय लिहू?"

"प्रोसिडिंग."

मी तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं. हजर असलेल्यांची नावं लिहायला घेतली, एकेकीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं. एकोणतीस झाल्या. त्यात चौघी नव्या लेआउटमधल्या होत्या. एक यवतमाळची, एक छिंदवाड्याची, दोघी नागपुरातून राहायला आलेल्या. त्यांच्या बोअरवेल आटल्या होत्या आणि तलाव भरला की बोअरला पाणी येतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. छिंदवाड्याची बाई हिंदीत बोलली, काकूनं तिचं म्हणणं मराठीत सांगून मला लिहायला लावलं.

विषय क्रमांक एक, तलावाची पाळ. मी सवयीनं 'सदर विषयावर सविस्तर चर्चा' असं लिहायला लागले. काकूनं वहीवर हात ठेवला. "तसं नको. भगदाड केवढं हाय ते लिव." कोणाला नेमकं माहीत नव्हतं. मग आम्ही सगळ्या उठून तलावावर गेलो, भर उन्हात. विहिरीचा दोर सोबत घेतला. दोघींनी टोकं धरली, मधे एक बाई कुजलेली पोती पायानं बाजूला सारत गेली. घरी येऊन दोर माझ्या शाळेच्या टेपनं मोजला. पाच मीटर सत्तर सेंटीमीटर. वरच्या अंगाला. खालच्या अंगाला तीन मीटर दहा. पाळीवर बाभळी उगवल्यात, त्यांच्या मुळांनी आणखी दोन जागी भेगा गेल्यात, तेही लिहिलं. सूचक काकू. अनुमोदक ती छिंदवाड्याची बाई, तिनं देवनागरीत सही केली.

दुसऱ्या दिवशी नक्कल काढून आम्ही ती नगरपंचायतीत नेली. आवक खिडकीवरच्या पोरानं कागद उलटून पाहिला, वर काय लिहायचं ते त्याला कळेना, कारण हा अर्जही नव्हता आणि ठरावही नव्हता. शेवटी त्यानं शिक्का मारला आणि पोचीवर नंबर घालून दिला. काकूनं चष्मा लावून नंबर नीट आला आहे ना ते पाहिलं, पोच चार घड्या घालून कमरेच्या बटव्यात ठेवली आणि त्याला विचारलं, पुढच्या मिटिंगची तारीख कोणती.